पर्वतीय कुरणे : उंची, चराई आणि वनधोरण (कुमाऊँ-गढवालच्या संदर्भात)

प्रस्तावना

हिमालयातील वनांचा इतिहास प्रामुख्याने वृक्षतोड, लाकडाचा व्यापार आणि राखीव वनांच्या सीमा यांच्या आधारे लिहिला गेला आहे. गवत मात्र त्यात उपेक्षित राहिले. वास्तविक सरकार व ग्रामस्थ यांच्यातील संघर्षात गवताचा प्रश्न महत्त्वाचा होता. चराईचे नियमन करताना वनधोरणाने उंची व ऋतुमान यांचा कितपत विचार केला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

उंची आणि गवताची वाढ

उंची दर १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते. खालच्या चीड पाइन व ओक वृक्षांच्या पट्ट्यात गवत पावसाळ्यात भरपूर वाढते. ते शरद ऋतूत कापून हिवाळ्यासाठी साठविले जाते. वृक्षरेषेच्या वर, साधारणतः ३,३०० ते ३,६०० मीटरपासून पुढे, ‘बुग्याल’ नावाची कुरणे लागतात. तेथे बर्फ वितळल्यापासून पुन्हा हिमवृष्टी होईपर्यंत गवताला मोजकेच महिने मिळतात. कोवळे फुटवे येताच चराई झाली, तर मुळांतील अन्नसाठा भरून येत नाही. वाढ झाल्यानंतरची मर्यादित चराई मात्र उंच वनस्पतींना आवर घालू शकते. म्हणजे जनावरांच्या संख्येइतकेच चराईच्या वेळेलाही महत्त्व आहे. उन्हाळ्यात वर चढणाऱ्या आणि हिवाळ्यापूर्वी खाली उतरणाऱ्या भोटिया व इतर पशुपालकांच्या स्थलांतरात या वेळेचे भान होते.

वसाहतकालीन धोरण

१८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांतील चराई हा हक्क न राहता बहुतांशी सवलत ठरली. कुमाऊँमध्ये १९११ ते १९१७ या काळात विस्तृत क्षेत्र राखीव करण्यात आले. ताज्या गवतासाठी वनातील पालापाचोळा जाळण्याच्या जुन्या प्रथेवरही निर्बंध आले. १९२१ मध्ये तेथील वनांत मोठ्या प्रमाणावर आगी लावण्यात आल्या. त्याच वर्षी तक्रारींच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. गवताच्या व्यवस्थापनात गावाला अंशतः स्थान मिळाले ते या संघर्षानंतर.

फुलांची दरी

गढवालमधील भ्युंदर खोऱ्यातील फुलांची दरी १९३१ मध्ये फ्रँक स्माइथ यांच्या दृष्टीस पडली व त्यांच्या १९३८ च्या पुस्तकाने जगाला परिचित झाली. परंतु ती निर्मनुष्य नव्हती. पशुपालक तेथे मेंढ्या घेऊन येत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यानंतर तेथील चराई थांबविण्यात आली. पुढे पॉलिगोनम ही उंच वाढणारी वनस्पती दरीच्या काही भागांत पसरल्याचे आढळले. काही अभ्यासकांनी त्याचे कारण चराईबंदीत शोधले. इतरांनी दरडी व मेंढ्यांच्या जुन्या तळांमुळे विस्कळीत झालेल्या जमिनीकडे लक्ष वेधले. हा वाद केवळ वनस्पतिशास्त्रीय नाही. पहिले मत ग्राह्य मानल्यास, ज्यांना संरक्षणाच्या नावाखाली बाहेर काढले तेच पशुपालक त्या पुष्पसृष्टीचे एक कारण ठरतात.

निष्कर्ष

वनधोरणाने चराईला प्रामुख्याने क्षेत्र आणि संख्या यांत मोजले. पशुपालकांनी ती ऋतूत मोजली. अतिचराईने कुरणे उजाड होतात, हे निर्विवाद. तथापि सर्व उंचींवर एकच नियम लागू करणे शास्त्रदृष्ट्या अपुरे आणि इतिहासदृष्ट्या अन्यायकारक ठरते. कोणतेही कुरण बंद करण्यापूर्वी तेथे कोण, केव्हा आणि किती काळ चारत होते, याची नोंद घेणे हे संरक्षणाचे पहिले पाऊल असले पाहिजे.