चित्ता शेवटच्या गोळीने संपला का?

भारतातला चित्ता कसा संपला असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक फोटो येतो. साल १९४७. कोरिया संस्थान, म्हणजे आजच्या छत्तीसगडचा भाग. महाराजा रामानुज प्रताप सिंह देव बंदूक घेऊन उभे आहेत आणि समोर तीन मेलेले चित्ते. तिन्ही नर, रात्री मारलेले. पुढे १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. झालं, गुन्हेगार सापडला आणि गोष्ट संपली!

पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर इथेच थांबा. एकेकाळी देशाच्या मोठ्या भागात फिरणारा प्राणी तीन जनावरं मेल्याने कसा काय संपतो? तो आधीच जवळजवळ संपलेला होता म्हणून. म्हणजे 'शेवटचा कोणी मारला?' हा प्रश्न सोपा आहे. 'शेवटी एवढेच का उरले?' हा खरा प्रश्न. नामशेष होण्याच्या इतिहासात या दोन प्रश्नांची गल्लत सर्रास होते.

'शेवटचा' हा शब्द जपून वापरा

कोरियाची घटना आपल्याला माहीत आहे, कारण तिची माहिती फोटोसकट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे पाठवली गेली. संपादकांनी ती छापली, पण सोबत आपली तीव्र नाराजीही नोंदवली. म्हणजे हे तीन चित्ते 'शेवटचे' ठरले ते पक्का पुरावा मागे राहिला म्हणून. चित्ता दिसल्याचे दावे त्यानंतरही, अगदी १९६० च्या दशकापर्यंत आढळतात. त्यामुळे लिहिताना 'पक्की शेवटची नोंद' असं लिहावं, 'शेवटचा चित्ता' असं नाही. शेवटची नोंद आणि शेवटचा जीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी अडचण नावाची. 'चित्ता' हा शब्द संस्कृत 'चित्रक'वरून आला, म्हणजे ठिपके असलेला. पण ठिपके बिबट्यालाही असतात. आपल्याकडे आजही कोणी बिबट्याला चित्ता म्हणून जातं, हो ना? इंग्रजी कागदपत्रांत तर चित्त्याला बरेचदा 'हंटिंग लेपर्ड' म्हटलंय. म्हणून जुन्या नोंदीत नुसतं नाव बघून चालत नाही, वर्णन बघावं लागतं. भरीव ठिपके, डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरणारी काळी रेघ, उघड्या माळावरचा पाठलाग असं काही असेल तर चित्ता. पाकळ्यांसारखे ठिपके किंवा दाट झाडीत दबा धरणं असेल तर बिबट्याची शक्यता जास्त.

कौतुकातून झालेलं नुकसान

चित्ता पाळून त्याच्याकडून काळवीट धरवणं हा आपल्याकडचा फार जुना राजेशाही खेळ. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२ व्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त त्याचं वर्णन येतं. मुघलांच्या काळात हा शौक शिगेला पोचला. जहांगीर आठवणींत लिहितो की वडिलांनी, म्हणजे अकबराने, एकदा १००० चित्ते जमवले होते. त्यांची जोडी जमावी अशी त्यांची फार इच्छा होती, पण ते काही जमलं नाही. १००० हा गोल आकडा आहे, तो मोजून लिहिलाय असं समजू नका. पण त्याच्यापुढचं वाक्य मात्र सोन्यासारखं आहे. ते सांगतं की पिंजऱ्यातला चित्ता पैदास करत नाही. १६१३ साली जहांगीरच्याच पदरी एका मादीला तीन पिल्लं झाली, ती नवलाची गोष्ट म्हणून लिहून ठेवली गेली. बंदिवासातल्या पैदाशीची त्यानंतरची नोंद थेट १९५६ सालची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयातली.

आता हिशोब करा. दरबारात पैदास नाही, म्हणजे प्रत्येक चित्ता रानातून आणलेला. शिकार करायला पिल्लू आईकडून शिकतं, म्हणून पकडायचे ते तयार, प्रौढ चित्ते. म्हणजे नेमके तेच, ज्यांच्यापासून पुढची पिढी व्हायची. पकडलेला चित्ता दरबारात दहा वर्षं जगला, तरी रानातल्या संख्येच्या दृष्टीने तो पकडला त्याच दिवशी मेला. बघा, यात कोणालाही चित्ता संपवायचा नव्हता. उलट त्याचे लाड होत होते.

मग मुघलांच्याच काळात का नाही संपला?

ही शंका तुमच्या मनात आली असेल तर छान. नुसतं पकडणं हे कारण पुरेसं असतं, तर चित्ता कितीतरी आधी गेला असता. पण तो १९ व्या शतकातही होता. कारण त्याच्या वाट्याचं गवताळ रान आणि त्यातली काळविटं, चिंकारे बऱ्याच प्रमाणात शिल्लक होती. जितके पकडले जात, त्याची भर कशीबशी निघत असावी.

१९ व्या शतकात हा तोल बिघडला. जमीन महसुलाच्या व्यवस्थेत शेत म्हणजे उत्पन्न आणि माळ म्हणजे वाया गेलेली जागा. माळावर नांगर फिरला. बंदुका वाढल्या तशी काळविटं घटली. भक्ष्य कमी झाल्यावर चित्ता शेळ्या-मेंढ्यांकडे वळणार, मग धनगर-गुराख्यांशी वैर येणार. त्यात इंग्रज सरकारने हिंस्र श्वापदं मारण्यासाठी बक्षिसं लावली आणि त्या यादीत चित्ताही आला. माणसावर हल्ल्याच्या नोंदी जवळपास नसलेला हा प्राणी!

घसरण नक्की कधी झाली, हे कळायला एक सुंदर अप्रत्यक्ष पुरावा आहे. साधारण १९१८ ते १९४५ या काळात भारतीय संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आयात केले, सुमारे २०० तरी. यात भावनगरबरोबर आपलं कोल्हापूरही होतं. आता विचार करा, दाराशी मिळणारं जनावर कोणी समुद्रापलीकडून आणेल का? म्हणजे कोरियातल्या गोळीच्या तीसेक वर्षं आधीच देशी चित्ता पकडायलासुद्धा मिळेनासा झाला होता. प्राण्यांची गणना हाती नसताना व्यापाराच्या नोंदी अशा बोलतात.

आणखी एक स्पष्टीकरण तुम्हाला वाचायला मिळेल. चित्त्यात जनुकीय विविधता फार कमी, म्हणून तो जाणारच होता, असं. विविधता कमी आहे हे १९८० च्या दशकातल्या संशोधनातून दिसलं, ते खरंच. पण तशीच कमी विविधता असलेले चित्ते आफ्रिकेत आजही हजारोंनी आहेत. भारतातला फरक जनुकांपेक्षा माणसांनी घडवला. आशियाई चित्ता आता उरलाय तो फक्त इराणमध्ये, तोही मूठभर.

आज याचं काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले गेले. त्यावर वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण चित्ता गोळीने गेला असं मानलं, तर उपाय म्हणजे चित्ते आणा आणि बंदूक थांबवा. तो माळाबरोबर गेला असं मानलं, तर उपाय माळापासून सुरू होतो. कारण चुकलं की उपायही चुकतो.

आणि माळ आजही कागदावर बरेचदा 'पडीक'च असतो. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या पूर्वेकडचे तालुके बघा. लांडगा, खोकड, काळवीट त्याच 'पडीक' जमिनीवर जगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला पहिल्या अनुसूचीत जागा दिली, पण त्याच्या पायाखालच्या माळाला तशी जागा मिळाली नाही. उद्या महाराष्ट्रातल्या शेवटच्या लांडग्याचा फोटो छापून आलाच, तर त्यातही कोणीतरी काठी किंवा बंदूक घेतलेला माणूस असेल आणि आपण पुन्हा त्यालाच गुन्हेगार ठरवू.

म्हणून कुठल्याही नामशेष किंवा धोक्यातल्या प्राण्यावर काम करायला घेतलंत, तर वहीत तीन रकाने पाडा: शेवटची पक्की नोंद कधीची, घसरण कधीपासून, आणि तोपर्यंत तो कशामुळे टिकला होता. तिसरा रकाना भरायला सगळ्यात अवघड जातो. सुरुवात म्हणून आपल्या जिल्ह्याचं इंग्रज काळातलं गॅझेटियर मिळवा आणि त्यातली रानटी जनावरांची यादी वाचा. त्यातलं आज काय नाही ते शोधा. आणि हो, प्रत्येक ठिपकेवाल्या जनावराची आधी ओळख पटवून घ्या!