तळटीप : एस-ट्रेस

* लेखकाने इथे ‘एस-ट्रेस लावला’ एवढेच म्हटले आहे; नव्या वाचकासाठी थोडा खुलासा. पॉल क्रानेनबर्ग यांनी मुळात सनओएससाठी लिहिलेले हे साधन पुढे ब्रँको लँकेस्टर यांनी लिनक्सवर आणले. चालू प्रोग्रॅम कर्नलकडे जी जी मागणी करतो, ती ते ओळीओळीने दाखवते. कोडला हात लावावा लागत नाही, सर्व्हर बंद करावा लागत नाही. प्रोसेसचा क्रमांक दिला की पुरे. वेब अ‍ॅप्लिकेशन अडकले असेल तर शेवटची ओळ अर्धवट राहते : ‘रीड’ आणि कंसात, समजा, ७. हा ७ म्हणजे उघड्या फाइलचा किंवा जोडणीचा क्रमांक. ‘वाय-वाय’ हा पर्याय दिला असेल तर त्याशेजारी पलीकडचा पत्ता आणि पोर्टही छापला जातो. पोर्ट ५४३२ दिसला, तर अ‍ॅप्लिकेशन बहुधा पोस्टग्रेसच्या उत्तराची वाट पाहत आहे. कोड उगाच चाळत बसू नये. कोणते फंक्शन सीपीयू खाते हे मात्र इथे कळत नाही, त्यासाठी प्रोफायलरच हवा. शिवाय प्रत्येक मागणीपाशी प्रोसेस थांबवली जात असल्याने तिचा वेग बराच मंदावतो. गिऱ्हाइकांच्या वापरातल्या सर्व्हरवर एस-ट्रेस अगदी थोडा वेळच लावावा.