महारोगाचें औषध आणि महारोगाचें भय

रोगावर औषध सांपडलें कीं त्याचें भय आपोआप ओसरतें, अशी आपली समजूत असते. महारोगाचा इतिहास मात्र निराळेंच सांगतो.

१८७३ सालीं नॉर्वेंतील हॅन्सन या वैद्यानें या रोगाचा जंतु शोधून काढला. तोंवर कोणी यास पूर्वजन्मींचें पाप म्हणत, कोणी वंशपरंपरेचा दोष. जंतु सांपडल्यावरही १८९८ च्या कायद्यानें भीक मागत हिंडणाऱ्या रोग्यांस धरून आश्रमांत कोंडण्याची सोय केली. औषध काय, तर कडू कवठीचें तेल. त्याचा गुण बेताचाच. १९४१ पासून अमेरिकेंत सल्फोन वर्गाचीं औषधें वापरांत आलीं, तेव्हां कोठें खरी आशा दिसली.

हा रोग करतो तरी काय? जंतु त्वचेंत आणि मज्जातंतूंत घर करतो. अंगावर फिकट वा तांबूस चट्टा उठतो आणि तेथें स्पर्श कळेनासा होतो. ही पहिली खूण. पुढें बोटें झडतात, पण तीं जंतु खात नाहीं. बधिर हातास तापलेला तवा भाजतो, बधिर पायांत कांटा रुततो, आणि रोग्यास पत्ताच नसतो. जखम चिघळते, हाड झिजतें. वेदना ही शरीराची राखणदार; ती गेली कीं घर उघडें पडतें. वांकड्या बोटांसाठीं वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं शस्त्रक्रिया बसविली. शाबूत स्नायूची कंडरा दुबळ्या बोटांस जोडली कीं हात पुन्हां कामास येतो. गेलेली संवेदना मात्र परत येत नाहीं. म्हणून रोग्यानें रोज हातपाय डोळ्यांनीं तपासावे, हाच त्याचा नित्यनेम.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील वरोडें गांवीं मुरलीधर देवीदास आमटे हे वकील होते. गटारांत पडलेला एक महारोगी पाहून ते भयानें पळाले. त्या पळण्याची त्यांस लाज वाटली, आणि ते परत आले. १९४९ सालीं त्यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली, कलकत्त्यास जाऊन या रोगाचें शिक्षण घेतलें, आणि १९५१ सालीं साधनाताईंसह वरोड्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभें केलें. सोबत सहा रोगी होते. त्याच हातांनीं विहीर खणली, शेत पिकविलें. ज्यांस जग भीक घालीत असे, त्यांनीं धान्य उगवून दाखविलें.

१९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें दोन-तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति सांगितली. उपचार सुरू होतांच थोड्याच काळांत रोग्याची संसर्गशक्ति संपते. सहा महिने ते वर्षभरांत बहुतेकांचा उपचार पुरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत तो विनामूल्य मिळतो. तरीही महारोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत राहिलें. रोग बरा करणाऱ्या औषधामागून कायद्यास यावयास अडतीस वर्षें लागलीं!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत आजही नवे रोगी सांपडतात, आणि शहरांतही. घरांतील कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो झांकूं नये, दवाखाना गांठावा. आणि बरा झालेला मनुष्य दारीं आला, तर त्यास आपल्याच पंक्तीस बसवावें. माघारीं फिरून त्या गटाराशीं येण्याचें धैर्य एका वकिलानें दाखविलें. आपल्याला तर केवळ पाट मांडावयाचा आहे.