मैल की तास?

जागतिक मंदीने अमेरिकेतील उद्योगधंद्यांची धूळधाण चालविली असता, १९३१ साली डेव्हिड बेंकी नामक वैमानिकाच्या पुढाकाराने शिकागो येथे वैमानिकांची जी संघटना उदयास आली, तिची कसोटी लागण्यास फार काळ जावा लागला नाही. १९३२ च्या फेब्रुवारीत सेंच्युरी एअरलाइन्सचे मालक ई. एल. कॉर्ड यांनी वेतनकपातीचे फर्मान काढले. ते अमान्य करणाऱ्यांना नोकरीस मुकावे लागले, आणि तंट्याचे पडसाद थेट काँग्रेसमध्ये उमटून प्रतिनिधी ला गार्डिया यांनी वैमानिकांची बाजू हिरीरीने मांडली.

खरा पेच मात्र १९३३ साली, बोइंग २४७ सारखी वेगवान विमाने आल्यावर पडला. वेतन उड्डाणाच्या तासांवर द्यावे असा मालकांचा आग्रह, तर ते मैलांवर मिळावे अशी वैमानिकांची मागणी. कारण तेच अंतर थोड्या वेळात कापले जाऊ लागले की तासांच्या हिशेबाने वैमानिकाची प्राप्ती घटणार आणि वेगाचा सारा नफा कंपनीच्या तिजोरीत जमा होणार, हे उघड होते. संपाची भाषा निघाली, तेव्हा प्रकरण राष्ट्रीय श्रम मंडळापुढे गेले. मे १९३४ मधील ८३ क्रमांकाच्या निवाड्याने मूळ वेतन, विमानाच्या वेगानुसार तासांचा दर आणि मैलांचा मोबदला या तिहींची सांगड घातली, व उड्डाणास दरमहा ८५ तासांची मर्यादा घालून थोड्या माणसांकडून अधिक काम करवून घेण्याची वाटही बंद केली. १९३८ च्या नागरी विमानवाहतूक कायद्याने या निवाड्यास वैधानिक आधार दिला.