हुक्काबरदार, व्होल्ट आणि वॅट

धूम्रपानाच्या साधनांचा इतिहास बहुधा विलासाचा किंवा व्यसनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आम्हांस तो एका वेगळ्या प्रश्नाचा इतिहास वाटतो : धूर ओढणारा एक, पण आच किती असावी हे ठरवणारा कोण?

सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग विजापूरहून तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन अकबराच्या दरबारी गेला. दरबारच्या हकिमाने या अपरिचित वस्तूला हरकत घेतल्याचे त्याच्याच वृत्तान्तात आहे. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तंबाखू मात्र टिकली. पुढे अमीर-उमरावांच्या घरी हुक्काबरदार आला. निखारा, पाणी आणि तंबाखू यांचा मेळ त्याच्या हाती असे. आचेचे ज्ञान नोकराचे, आस्वाद धन्याचा, अशी ही विभागणी होती.

विसाव्या शतकात निखाऱ्याची जागा विजेने घेऊ पाहिली. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांना तंबाखूविरहित, निर्धूर सिगारेटचे पेटंट १९६५ मध्ये मिळाले. पण ती बाजारात रुजली नाही. चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये घडवलेली रचना मात्र जगभर पसरली. आरंभीच्या उपकरणांत बॅटरी उतरत जाई तशी वाफही मंदावे. म्हणून व्होल्टेज कमी-जास्त करता येणारी साधने निघाली. त्यांत ओढणाऱ्यालाच हुक्काबरदार व्हावे लागले. ३.७ व्होल्टवर २ ओहमच्या कॉइलमध्ये सुमारे ६.८ वॅट शक्ती खर्च होते, तर १.५ ओहमच्या कॉइलमध्ये सुमारे ९.१ वॅट. कॉइल बदलली की गणित नव्याने मांडणे आले. वॅट ठरवू देणाऱ्या साधनाने हा व्याप संपवला. त्यातील चिप कॉइलचा रोध मोजते आणि योग्य ते व्होल्टेज स्वतःच देते. हुक्काबरदार पुन्हा अवतरला, पण या वेळी अदृश्य होऊन.

या दोहोंतून निवड करायची तर वॅटचे साधन सोयीचे, हे उघड आहे. परंतु तो आकडा नेमके काय सांगतो? वात, हवेचा मार्ग, कॉइलचा आकार यांनुसार त्याच वॅटची आच निराळी होते. शिवाय वॅट वाढले की वाफ वाढते आणि द्रवात निकोटिन असेल तर प्रत्येक झुरक्यागणिक तेही वाढते. बटणावर शक्ती लिहिलेली असते. बदलते ती मात्रा. २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील एका पत्रात, ३.३ व्होल्टवर न आढळलेली फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगे ५ व्होल्टवर आढळल्याचे नोंदले गेले. इतकी करपट वाफ कोणी ओढणारच नाही, असा प्रतिवाद झाला. वाद वरकरणी रसायनाचा. मुळात तो पुन्हा आच कोणी ठरवायची याचाच होता.

भारतात २०१९ च्या कायद्याने अशा साधनांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. जहांगीराच्या बंदीशी तिची तुलना मोहक असली तरी अपुरी आहे. त्याच्या काळी निकोटिन हे नावही ठाऊक नव्हते. साम्य आहे ते निराळ्या ठिकाणी. साधन जितके सुबक, तितका त्यामागचा विस्तव दिसेनासा होतो. आकडा निवडणारा बोट फिरवून आच नेमतो. पुढच्या झुरक्याची ओढ मात्र त्या बटणाच्या कक्षेबाहेरच राहते. निवडीचे स्वातंत्र्य आणि निवडीचा आभास यांतील हे अंतर साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नसावे.