लॅपटॉपमधील स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड : एका अटीचा इतिहास

विभागासाठी लॅपटॉप घेताना 'स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवे' ही अट आपण अनेकदा सवयीने लिहितो. या अटीला इतिहास आहे. १९९९ मध्ये इंटेलने '८१०' या चिपसेटमध्येच ग्राफिक्सची सोय केली. परंतु ती मुख्य स्मृतीतला वाटा घेई आणि मंद असे. २००० च्या नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाचे 'जीफोर्स २ गो' खास लॅपटॉपसाठी आले. त्या काळी स्वतंत्र कार्डाचा आग्रह योग्यच होता. त्याची किंमत मात्र उष्णता आणि बॅटरी यांच्या रूपाने चुकवावी लागे. २००८ मध्ये तर लॅपटॉपमधील सदोष चिपांपोटी एनव्हिडियाने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली.

निर्णायक वळण आले जानेवारी २०११ मध्ये. इंटेलच्या 'सँडी ब्रिज'मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर नांदू लागले. टंकलेखन, आंतरजाल, चित्रफिती एवढ्यापुरती जुनी अट तेव्हाच निरर्थक ठरली. त्रिमितीय आरेखन शिकविणाऱ्या विभागांची गोष्ट निराळी. इतरांच्या बाबतीत, अंतर्भूत ग्राफिक्स आजही मुख्य स्मृतीच वाटून घेत असल्याने, कार्डाचे पैसे रॅम वाढविण्यावर खर्च करणे प्रस्तुत लेखकास अधिक शहाणपणाचे वाटते.