फॅक्स यंत्रातील बिघाड व उपाय

कागदावरील मजकूर ध्वनिसंकेतांत बदलून टेलिफोनच्या तारेतून दूरच्या यंत्रावर उमटवणारे साधन म्हणजे फॅक्स. अलेक्झांडर बेन याने १८४३ मध्ये त्याच्या आद्य रूपाचे पेटंट घेतले. १९८० च्या ‘ग्रुप ३’ मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे परस्परांशी जुळली. वऱ्हाडातील कडक ऊन आणि पावसाळी दमट हवा यांमुळे अमरावती-अकोला भागात काही बिघाडांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

निदान : आधी यंत्रावरच एका पानाची कॉपी काढावी. ती स्वच्छ आली तर दोष बहुधा लाइनमध्ये किंवा पलीकडच्या यंत्रात असतो. खराब आली तर आपल्याच यंत्रात.

छपाई : पाठवलेल्या पानांवर उभी काळी रेघ येत असेल तर स्कॅनरची काच मऊ कापडाने पुसावी. पलीकडे कोरे पान गेले तर मूळ कागद उलटा लावलेला असतो. आपल्याकडे कोरे निघाले तर थर्मल रोल उलटा बसलेला असू शकतो. नखाने ओरखडल्यावर काळी होते ती छपाईची बाजू.

लाइन : अकोल्याहून अमरावतीला ०७२१, तर अमरावतीहून अकोल्याला ०७२४ हा कोड लावलेला आहे ना, हे पाहावे. पलीकडचे यंत्र सुमारे २,१०० हर्ट्‌झचा लांब सूर देते. तो ऐकू न आल्यास तिकडे माणसाने फोन उचलला असावा किंवा यंत्र बंद असावे. पावसाळ्यात तारेच्या जोडात पाणी शिरून खरखर होते. अशा वेळी वेग १४,४०० वरून ९,६०० किंवा ४,८०० बिट प्रतिसेकंद करावा आणि लाइनची तक्रार नोंदवावी. त्याच तारेवर ब्रॉडबँड असल्यास स्प्लिटर लावावा. कॉल वेटिंग बंद ठेवावे. फायबर जोडणीवर ‘टी.३८’ची (इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याच्या मानकाची) सोय आहे का, हे सेवा पुरवणाऱ्याला विचारावे.

कागद : उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा थर्मल रोल खिडकीपाशी किंवा तापणाऱ्या पत्र्याच्या कपाटात ठेवू नये, उष्णतेने तो काळवंडतो. पावसाळ्यात साधा कागद ओल धरून दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. गठ्ठा बंद पिशवीत ठेवावा व मोकळा करून लावावा.

जतन : थर्मल कागदावरील अक्षरे काही वर्षांत पुसट होतात. जमिनीचे, कोर्टाचे किंवा बँकेचे कागद असतील तर त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढलीच पाहिजे. पाठवल्याचा अहवाल पाने पलीकडच्या यंत्राने स्वीकारल्याचे सांगतो, ती वाचता येतात असे नव्हे. म्हणून महत्त्वाच्या कागदांबाबत फोन करून खात्री करावी.